गुळगुळीत नाणं

१

नाणं कडेनं धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही. त्या दुकानात पहिल्या आठवड्यात मला एवढंच शिकवलं आणि अकरा वर्षं मी ते पाळलं. देवाधर्माचं मी काही पाळत नाही, पण हे पाळलं.

मी तिथं केर काढते, फरशी पुसते, चहाचे कप विसळते. सकाळी आठला माझ्या किल्लीनं दार उघडायचं. इमारत जुनी, दुकान तिसऱ्या मजल्यावर. शेजारी दातांचा डॉक्टर, पलीकडे फक्त कपडे उसवून मापात करून देणारा शिंपी. आमच्या दाराला दुधी काच, आत दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालकांचं टेबल, दिवा, भिंग आणि तराजू. मागच्या खोलीत भिंतभर लाकडी कपाट, त्याला चौसष्ट खण. खण म्हणजे चार बोटं खोल, तळाला हिरवी बनात, जाड लोकरी कापडाची, तिच्यावर नाणी निजलेली. जगभरची. मधोमध भोक असलेली, पाकळ्यांसारख्या कडांची, बारा कोनांची. एक शर्टाच्या बटणाएवढं, तर एक बशीएवढं. काही देश तर आता नकाशावरही नाहीत. मालक म्हणायचे, देश मोडतो बाई, पण त्याची चिल्लर मागं राहते.

मागच्या खोलीत ओलं फडकं न्यायचं नाही. कपाटावरून कोरडं कापड फिरवायचं आणि बाहेर यायचं. खिडकी होती, पण ती इमारतीच्या मधल्या पोकळीत उघडायची. तिथून ना ऊन यायचं ना वारा. यायचा तो फक्त डॉक्टरच्या मशीनचा आवाज, कुणाचा तरी दात कोरल्याचा.

आठवडाभर मी त्या आवाजाला वैतागले, मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते. तेच वाईट.

२

ते शिकवायच्या आधीच मी घोळ घातला होता. टेबलावर वाडगाभर काळी नाणी दिसली. काळं भांडं दिसलं की माझे हात शिवशिवतात. लिंबू घेतलं, भांड्यांची पावडर घेतली, खसाखसा घासली आणि आरशासारखी करून ओळीनं मांडून ठेवली. वाटलं, मालक शाबासकी देतील.

मालक आले, बघितलं आणि खुर्चीत बसले.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही यांची दोनशे वर्षं मोरीत सोडलीत."

"मग आधी सांगायचं होतं," मी म्हटलं. "घासायला ठेवलं तर मी घासणारच. मी काय पुजायला येते इथं?"

ते हसले. मला काढलं नाही. उलट तेव्हापासून मधूनमधून समजावून सांगायला लागले, जसं एखादा मास्तर शेवटच्या बाकावरच्या पोराला सांगतो.

"जुनं म्हणजे दुर्मिळ, असं नसतं," ते म्हणाले. तळहातावर कसलातरी वेडावाकडा तांब्याचा तुकडा होता. "हे दोन हजार वर्षांचं आहे. बरण्या भरून मिळतात. आणि हे दुसरं बघा, तुम्ही शाळेत होतात तेव्हा पाडलेलं. पण टांकसाळीत बारा पाडून झाल्यावर ठसा फुटला. ह्यासाठी लोक एकमेकांच्या जिवावर उठतात."

"म्हणजे कमी पाडलं की दुर्मिळ?"

"कमी पाडलं म्हणून नाही. लाखभर पाडलेलंही दुर्मिळ होतं. बाकीची गेली पाहिजेत."

"जातात कुठं?"

"वितळतात, बुडतात. नाहीतर लोक विसरतात." ते भिंग पुसत होते. "विसरलेलं सगळ्यात चांगलं. ओरखडा पडत नाही."

मी बादली उचलली. असलं बोलणं ऐकून घ्यायचं आणि आपलं काम करायचं. मोठ्या माणसांना ऐकणारं कुणीतरी लागतं.

३

मला एकच पोरगी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणायचे, तेच राहिलं. बाप तिच्या जन्माआधीच गेला. मेला नाही, गेला. तो विषय संपला.

माझा हट्ट एकच होता. पोरीच्या हातात फडकं येता कामा नये. तिला बसून करायचं काम मिळालं पाहिजे. तिनं घरात कप विसळायला घेतला तरी मी हातातून ओढून घ्यायचे. माझी थोरली बहीण म्हणायची, "डोक्यावर बसवून ठेवलीयस. उद्या सासरी काय करेल?" मी म्हणायचे, "खुर्चीवर बसेल. तुझ्या डोक्यावर बसली तर सांग."

एकोणीस पूर्ण झाली तेव्हा मालकांना नाण्यांचे फोटो काढायला माणूस हवं होतं. दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, नाणं कागदी पाकिटात घालायचं आणि वर सुबक अक्षरात लिहायचं. मी लाज सोडून विचारलं. मालक म्हणाले, घेऊन या.

त्यांनी तिला काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. आधी समोरून आणि मग, "जरा खिडकीकडे बघा," म्हणून बाजूनं. वाईट नजरेनं नाही. वाईट नजर मला दहा हातांवरून कळते. ती वेगळीच होती. खरेदी करणारा बघतो तशी.

"सोमवारपासून या," म्हणाले.

जिन्यातून उतरताना मला दोन बोटं स्वर्ग उरला होता.

तिची जागा मागच्या खोलीत, खिडकीपाशी, उंच स्टुलावर. तिथं खुंटीला एक करडा स्वेटर लटकत होता आणि खिडकीत कंगवा होता, त्यात चार लांब केस. मी विचारलं, "हे कुणाचं?"

"आधीच्या मुलीचं," मालक म्हणाले.

मी मान डोलावली. पहिल्या मजल्यापर्यंत उतरले आणि थांबले. आधीची कुठली मुलगी?

अकरा वर्षं मी त्या स्टुलाखालून केर काढत होते. कुणी बसत असेल तर रोज तिला पाय वर घ्यायला लावले असतील. मी आठवून बघितलं. स्टूल आठवलं, त्याच्या एका पायाखाली घडी करून सरकवलेला पुठ्ठा आठवला. वर कुणी आठवलंच नाही. म्हटलं, पन्नाशी आली, डोकं कामातून चाललं.

४

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी कप न्यायला मागच्या खोलीत गेले. भिंगरी खिडकीकडे तोंड करून बसली होती. पांढरे हातमोजे मांडीवर काढून ठेवलेले. डाव्या तळहातावर एक नाणं, आणि त्याच्या तोंडावर उजव्या हाताचा अंगठा गोल गोल फिरत होता.

"अगं ए! मोजे कुठायत? बोट काढ आधी!"

ती हसली. "ओरडू नको गं. मालकांनीच सांगितलंय. हे एकच असं धरायचं. रोज, चहा होईपर्यंत."

"कशाला?"

"ऊब लागते म्हणाले."

"नाण्याला? अंडं आहे का ते?"

"मला काय माहीत? बसून तर करायचंय." मग मला डिवचायला म्हणाली, "तुलाच हवं होतं ना बसून काम?"

मी वाकून बघितलं. दोन बोटं रुंद, राखाडी चांदीचं. दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. अक्षर नाही, आकडा नाही, राजा नाही, पक्षी नाही. नदीतल्या गोट्यासारखं कोरं. हजारो हातांतून गेलं की नाणं असं होतं, हे मला एव्हाना ठाऊक होतं.

ज्या दुकानात अकरा वर्षं कुणी नाण्याच्या तोंडाला बोट लावलं नव्हतं, तिथं माझी पोरगी उघड्या अंगठ्यानं नाणं चोळत बसली होती.

"बाई," पुढच्या खोलीतून मालक म्हणाले, "कप राहिलेत."

मी कप उचलले आणि विसळायला गेले. ते कप तिथंच फोडायला हवे होते.

५

इमारतीच्या दारात अंगठ्याचं मशीन आहे. सगळ्या मजल्यांवरच्या कामवाल्यांनी येता-जाता अंगठा लावायचा. हिरवा दिवा लागला की हजेरी. माझा कधीच लागला नाही. तीस वर्षं भांडी घासून अंगठ्यावरच्या रेघा उडाल्यात. वॉचमन मला वहीत लिहून घेतो आणि रोज तोच विनोद करतो, "बाई, चोरी करायची तर तुम्हीच करा. ठसा म्हणून सापडायचा नाही."

एका सोमवारी भिंगरीनं अंगठा लावला. लाल. पुसून लावला, पुन्हा लाल. दुसरा हात, तोही लाल.

वॉचमन खिदळला. "काय गं, आज आईचा अंगठा घेऊन आलीस की काय?"

आम्हीही हसलो.

घरी मी तिचा हात दिव्याखाली धरला. अंगठा चमच्याच्या पाठीसारखा झाला होता. बाकीची बोटंही पुसट.

"घरात काडी इकडची तिकडे करत नाहीस तू," मी म्हटलं. "मग बोटं झिजली कशी?"

"मोज्यांत घाम येतो गं." तिनं हात सोडवून घेतला. मग फोन तोंडासमोर धरला, झटकला, पुन्हा धरला. "आणि हे बघ, हा पण उघडत नाही. चेहरा ओळखूनच घेत नाही. कॅमेरा गेलाय वाटतं."

मी तिच्याकडे बघितलं. काही वेगळं नव्हतं. फक्त तिच्या भुवया इतक्या फिक्या होत्या का, ते मला आठवेना.

६

माझी शाळा चौथीपर्यंत. पाढे विसरले, कविता विसरले. पण एक गोष्ट शाळेतलं कुठलंच पोर विसरत नाही. नाण्यावर कागद ठेवायचा, वरून शिसपेन्सिल आडवी फिरवायची. खालचं चित्र कागदावर येतं.

मंगळवारी सकाळी मालक यायच्या आत मी मागच्या खोलीत भिंगरीचं ते गुळगुळीत नाणं ठेवायचे तो खण उघडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नाणं कडेनं धरून टेबलावर ठेवलं, वर वहीचा कागद, आणि पेन्सिल फिरवली. गोल उमटला. आत काही नाही. नुसता काळा गोल.

मला हसू आलं. मूर्ख बाई, म्हटलं स्वतःला, पोरीच्या काळजीनं तुला वेड लागायचं.

पुढच्या मंगळवारी पुन्हा केलं. आत एक रेघ होती. कपाळापासून खाली, नाकावरून ओठांकडे. मी कागदाची सुरकुती समजले. दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. तिन्हींवर तीच रेघ, त्याच जागी.

मी तिथंच खाली बसले. पलीकडे डॉक्टरचं मशीन सुरू झालं.

मला भुताखेतांचं सांगू नका. मला घासण्यातलं कळतं. जन्मभर तेच केलंय. घासलं की वस्तू झिजते. साबण झिजतो, सुरी झिजते, दगडाची पायरी झिजते, बाई झिजते. घासून काही कमी होतं, वर येत नाही. आणि इथं माझ्या पोरीच्या अंगठ्याखाली काहीतरी वर येत होतं.

तिसऱ्या मंगळवारी हनुवटी आली. हनुवटीला खाच होती आणि खाचेपाशी तीन बारीक ठिपके. भिंगरी दोन वर्षांची असताना मोरीच्या कट्ट्यावर आपटली होती. तीन टाके पडले होते. मी तिला धरून बसले होते आणि कंपाउंडरला शिव्या देत होते.

त्या संध्याकाळी मी तिच्या हनुवटीला हात लावून बघितला. कातडी सलग होती.

७

मी तिथंच निकाल लावला. "उद्यापासून जायचं नाही."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"तूच तर चिकटवलंस! आता मला आवडायला लागलं तर—"

"एक शब्द बोललीस तर खोलीत कोंडीन."

तिनं आदळआपट केली आणि घरी राहिली. मला वाटलं, हात काढला, आता थांबेल. पण पाणी मुरलं ते मुरलंच.

शनिवारी थोरली बहीण आली. भिंगरी तिला जिन्यात भेटली आणि "मावशी!" म्हणून पुढं गेली, तर बहिणीनं पर्स छातीशी धरली आणि भिंतीला अंग चोरून वर आली. दारात मला म्हणते, "कोण गं ती पोरगी? अंगचटीला येते." मी तिला असं काही बोलले की ती पाणीही न पिता गेली. म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. म्हातारी झाली.

रविवारी दुपारी मी भाजी घेऊन घरी आले. दार लोटलं. खिडकीपाशी एक पोरगी केस विंचरत उभी होती. माझ्या घरात, माझा कंगवा घेऊन.

पिशवी माझ्या हातातून पडली. "कोण गं तू? आत कशी शिरलीस? चल, नीघ!"

ती वळली. "आई?"

आणि देवाशपथ सांगते, दोन-तीन श्वास मला प्रश्न पडला होता, की ही कुणाला हाक मारते.

मग कळलं. मी तिला पोटाशी धरलं, इतकं की ती कळवळली. चेहरा जवळून बघितला. डोळे होते, नाक होतं, ओठ होते. सगळं जागच्या जागी होतं. पण बघून नजर बाजूला केली की काही हाती उरत नव्हतं, ओल्या फरशीवरच्या पावलासारखं.

"आई, रडतेस काय? मी आहे ना," ती म्हणाली.

८

सोमवारी मी आठला गेले नाही. मालक आल्यावर गेले. बादली घेतली नाही.

"माझ्या पोरीचं काय केलंत?"

ते भिंगातून काहीतरी बघत होते. भिंग खाली ठेवलं. रागावले नाहीत, घाबरले नाहीत. "बसा बाई."

"बसायला आले नाही. तोंड फोडायला आले. नाणं द्या ते, आत्ता घासून सपाट करते. घासणी आणलीय मी."

तेव्हा मात्र ते उठले. "घासाल. पण काय घासताय, कळतंय का तुम्हाला?"

माझ्या हातात तारेची घासणी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि ती टेबलावर ठेवून दिली.

"आता ते तसंच ठेवलं तर?" मी विचारलं.

"अर्धी छाप कुणाच्या कामाची नसते. दोन्हीकडून जातं, नाण्यावरूनही आणि माणसावरूनही."

ते मागच्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी सगळ्यात खालचा खण ओढला. तिथं मला वाकून कधी पुसायला लागायचं नाही, कारण धूळच बसायची नाही. बनातीवर सातेक नाणी होती. राखाडी. सगळ्यांवर बाजूनं कोरलेले चेहरे. राजे नव्हते, राण्या नव्हत्या. साधी माणसं. एकाला चष्मा होता. एक पोरगी होती, केस वर बांधलेले, मानेवर एक बट सुटलेली, गालात हसू दाबलेलं.

तिला बघितलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी म्हटलं, "पाय वर घे गं."

बस, एवढंच. नाव नाही, आवाज नाही. एवढंच बाहेर आलं.

"प्रत्येकाचं एकच आहे," मालक हळू म्हणाले. जसं कुणी निजलंय आणि उठेल. "दुसरं कुठंही नाही."

"माझं घ्या," मी म्हटलं.

"काय?"

"त्याच नाण्यावर माझा अंगठा लावते. तिचं परत येऊ दे."

त्यांनी मला समोरून बघितलं. मग म्हणाले, "खिडकीकडे बघा."

मी बघितलं.

"वापरलेला चेहरा आहे," ते म्हणाले. "वेळ लागेल."

"मला वेळच वेळ आहे. आणि चहा नको. मी चहासाठी थांबणाऱ्यातली नाही."

९

मी त्या स्टुलावर बसले. जन्मात पहिल्यांदा बसून काम केलं. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, अंगठा गोल गोल. डॉक्टरचं मशीन कोरत राहायचं. नाणं थंड असायचं, मग अंगाएवढं ऊन व्हायचं, मग कुठं अंगठा संपतो आणि कुठं नाणं सुरू होतं ते कळायचं नाही. कधी वाटायचं, खालून कुणीतरी अंगठा चोखतंय, तान्हं पोर चोखतं तसं. मी काढला नाही.

दर मंगळवारी कागद आणि पेन्सिल. पहिल्या मंगळवारी तीन ठिपके बुजले. दुसऱ्या मंगळवारी नाक रुंद झालं. तिसऱ्या मंगळवारी गाल ओघळला आणि मी बघितलं, तर माझ्या आईसारखं कुणीतरी कागदावरून माझ्याकडे न बघता बाजूला बघत होतं.

घरी भिंगरीच्या भुवया भरल्या. हनुवटीची खाच परत आली. मी तिला मुद्दाम इमारतीच्या दारात आणून अंगठा लावायला सांगितला. हिरवा. मी तिथंच रडले.

"आई, दिव्याला काय रडतेस!" ती म्हणाली. वॉचमन तिला म्हणाला, "बरेच दिवसांनी गं? कुठं होतीस?" मग माझ्याकडे वळला. "आणि आपलं कुणाकडे काम आहे?"

"तुझ्या बापाकडे," मी म्हटलं. तो बघत राहिला. विनोद केला नाही.

मग शिंप्यानं बघणं सोडलं. भाजीवाली मला भाव वाढवून सांगायला लागली. थोरल्या बहिणीला फोन केला, तर म्हणाली, "माझी बहीण अशी मऊ बोलत नाही. कोण बोलतंय?" मी म्हटलं चालेल. ज्यांनी विसरायचं त्यांनी विसरा. मी काय त्यांच्यासाठी जगत होते?

अर्ध्यावर सोडलं तर दोन्हीकडून जाणार होतं. म्हणून मी सोडलं नाही. सहाव्या मंगळवारी कानामागचा तीळसुद्धा उमटला. मालकांनी नाणं कडेनं धरून दिव्याखाली फिरवलं.

"सुबक उतरलंय," म्हणाले, आणि खालचा खण ओढला.

१०

घरी आले तेव्हा अजून ऊन होतं. किल्ली पिशवीत सापडेना म्हणून दार वाजवलं. भिंगरीनं उघडलं. चेहरा कसा स्वच्छ, खणखणीत. शंभर पोरींत ओळखू येईल असा.

"कोण हवंय आपल्याला?" ती म्हणाली.

मी तिच्या हनुवटीची खाच बघितली, होती.

"आईकडे आलात का? ती बाहेर गेलीय. येईलच इतक्यात. या ना, बसा." मी थकलेली दिसले असेन. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पाहुण्यांच्या पेल्यात. स्वतः समोर बसली आणि पाय हलवायला लागली. तिला स्वस्थ बसवत नाही.

"उशीर झाला आज तिला," दाराकडे बघत म्हणाली. "तुम्ही तिच्या कामावरच्या का?"

"हो," मी म्हटलं.

"मग भेटूच आपण. सोमवारपासून मीपण परत येतेय. मालकांचा फोन आला होता मघाशी. नवीन नाणं आलंय म्हणे, एकदम कोरं."

मी उठले. पाणी सांडलं. "जायचं नाही!" मी ओरडले. माझ्याच आवाजात, ज्या आवाजाला ही पोरगी एकोणीस वर्षं घाबरत आलीय. "पाय ठेवायचा नाहीस तिथं! ऐकलंस? तंगडं तोडीन!"

ती मागं सरली. घाबरली, पण मला नाही. घरात शिरलेल्या अनोळखी बाईला घाबरतात तशी. मग हनुवटी वर केली. ती वर करणं माझंच आहे.

"तुम्ही कोण मला सांगणाऱ्या?" ती म्हणाली. "आई येऊ दे, तिला विचारते. ती जा म्हणेल. तिनंच तर लावलंय मला तिथं."

एवढं बोलून ती दाराकडे तोंड करून बसली. मीही बसले. दुसरं काय करणार होते? आम्ही दोघी तिची वाट बघत बसलो.